अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची घरची शुश्रूषा : काळजीवाहकांसाठी एक पाठ

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, विभागवार कामाची माहिती आणि देणगीदारांची नामावली यांसोबत रुग्णांच्या नातेवाइकांना उपयोगी पडेल असा एक आरोग्यविषयक लेख देण्याची प्रथा आहे. एरवी हा लेख आपले तज्ज्ञ डॉक्टर लिहितात. या वर्षी तो प्रशासन कार्यालयाने लिहावा, असे विश्वस्त मंडळाने सुचविले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार नाही. येथे जे शास्त्र आले आहे ते आपल्या फिजिशियन, परिचारिका व फिजिओथेरपिस्ट यांनी वाचून दुरुस्त केलेले आहे. मात्र या लेखाचे निमित्त एका हिशेबात आहे, आणि तो हिशेब चुकला तो आमच्याच टेबलावर. म्हणून तो आम्हीच मांडणे उचित ठरेल.

एका डिस्चार्ज कार्डाची हकिगत

पक्षाघाताचा झटका आलेले एक वृद्ध शेतकरी आपल्याकडे दाखल झाले होते. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. जीव मात्र वाचला. बाराव्या दिवशी त्यांना घरी सोडण्यात आले. बिलातील सवलत मंजूर झाली, अनामत परत केली, पावतीवर सही झाली आणि कार्यालयाच्या दृष्टीने प्रकरण पूर्ण झाले. पाच आठवड्यांनी तेच गृहस्थ स्ट्रेचरवरून पुन्हा आले. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती, तिच्या तळाशी हाड दिसत होते आणि अंगात सणसणून ताप होता.

घरच्यांनी हेळसांड केली असावी, असेच प्रथम सर्वांच्या मनात आले. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. घरची सून रोज त्यांचे अंग पुसत होती, कपडे बदलत होती, हाताने भरवीत होती. गादी ओली होऊ नये म्हणून तिने त्यांच्या पाठीखाली मेणकापड घातले होते. माकडहाड टेकू नये म्हणून दुकानातून हवेची गोल उशी आणली होती. कातडी लाल दिसू लागली तेव्हा ती तेथे खोबरेल तेल लावून रोज चोळीत होती. आणि हलविले तर सासऱ्यांना दुखेल, या भयाने त्यांना दिवसरात्र उताणेच ठेवीत होती. या चारही गोष्टी मायेपोटी केलेल्या होत्या, आणि चारही अपायकारक होत्या.

सवलतीच्या अर्जासाठी ती कार्यालयात आली तेव्हा म्हणाली, ‘‘साहेब, दोन-दोन तासांनी कूस बदलायची असते हे कुणी नीट सांगितलं असतं, तर आम्ही आळीपाळीनं रात्र जागलो नसतो का?’’

आम्ही जुनी फाइल काढली. सूचना लिहिलेली होती. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी, औषधांच्या यादीखाली, घाईच्या इंग्रजी अक्षरांत ‘बॅक केअर’ आणि ‘टू अवरली टर्निंग’ एवढे शब्द होते. त्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नव्हते. असते तरी त्या शब्दांवरून नेमके काय करावयाचे ते उमगले नसते. कागदावर नोंद होती, म्हणून आमच्या तपासणीत तो कागद निर्दोष ठरला होता. माल रवाना केल्याची नोंद आमच्या वहीत होती. तो पोहोचला की नाही, हे कोणी पाहिले नव्हते.

जखम साफ करण्यात आली, प्रतिजैविके देण्यात आली. परंतु संसर्ग रक्तात पसरलेला होता. ते गृहस्थ पुन्हा घरी गेले नाहीत. कुटुंबाची संमती घेऊन आणि नाव-गाव वगळून ही हकिगत येथे नमूद करण्याचा निर्णय विश्वस्त मंडळाने घेतला, कारण या लेखाचे सार तिच्यात आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास होणारे बहुतांश उपद्रव टाळता येण्यासारखे असतात. पण ते टाळणारे हात घरच्यांचे असतात, आणि त्या हातांना शिकविणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे.

शय्याव्रण : जखम आतून सुरू होते

ज्याला आपण बेडसोर म्हणतो ते शय्याव्रण गादी टोचल्यामुळे होत नाहीत. शरीराच्या भाराने हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी व मांस चिमटले जाते. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात, रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत तो भाग मरू लागतो. निरोगी माणूस झोपेतसुद्धा नकळत कूस बदलीत असतो. पक्षाघात, मणक्याची इजा, खुब्याचे अस्थिभंग, बेशुद्धी किंवा अतिवार्धक्य यांमुळे ज्याला हलता येत नाही, अथवा ज्याची त्या जागेची संवेदनाच गेली आहे, त्याला ही सूचना शरीराकडून मिळत नाही. पुष्कळदा नाश हाडालगत सुरू होतो आणि कातडीवर उशिरा दिसतो. वर रुपयाएवढा डाग असतो, तर आत वाटीएवढी पोकळी निघते.

रुग्ण उताणा असेल तर डोक्याचा मागचा भाग, खांद्यांची पाती, कोपरे, माकडहाड आणि टाचा ही धोक्याची ठिकाणे होत. कुशीवर असेल तर कान, खांदा, खुब्याचे हाड, गुडघ्यांच्या आतल्या बाजू आणि घोटे. रोज अंग पुसताना ही सर्व ठिकाणे उजेडात पाहावीत. लाल डाग दिसल्यास त्यावर बोट दाबून उचलावे. जागा क्षणभर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त फिरते आहे असे समजावे. दाबूनही लाली गेली नाही तर व्रणाची पहिली पायरी सुरू झाली आहे. आपल्याकडील सावळ्या कातडीवर लाली सहसा दिसत नाही. तेथे हाताच्या स्पर्शावर विसंबावे : आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागते, रंग अधिक गडद दिसतो. अशा जागेवर पुन्हा भार पडू देऊ नये आणि त्याच दिवशी रुग्णालयास कळवावे.

मुख्य उपाय एकच : कूस बदलणे. सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही. डावी कूस, पाठ, उजवी कूस असा क्रम ठेवावा आणि वेळ भिंतीवरच्या कागदावर लिहावी. लक्षात ठेवण्यावर विसंबू नये. चांगली गादी असलेल्या आणि कातडी सुस्थितीत असलेल्या रुग्णाला हे अंतर वाढविता येते, काहींना कमी करावे लागते. ते डॉक्टर किंवा सिस्टर ठरवतील. कुशीवर वळविताना रुग्णाला पूर्ण आडवा करू नये, कारण मग सारा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंशांचा कल द्यावा. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवावी. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी द्यावी. मात्र ती पोटरीच्या पूर्ण लांबीखाली असावी, केवळ गुडघ्याखाली नसावी.

दाबाइतकाच घातक असतो तो ओढण्याचा ताण. रुग्ण खाली घसरला की आपण काखेत हात घालून त्याला वर खेचतो. कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे सरकते आणि मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. यासाठी जुनी सुती साडी किंवा धोतर चौघडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत रुग्णाखाली अंथरावे आणि दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा धरून त्याला उचलून सरकवावे. हाच सोपा उपाय काळजी घेणाऱ्याची कंबरही वाचवितो.

ओलाव्यामुळे कातडी भिजून नाजूक होते. लघवी किंवा शौच झाल्याबरोबर साध्या पाण्याने स्वच्छ करून मऊ कापडाने टिपावे, घासू नये. वर व्हॅसलीनचा किंवा झिंकच्या मलमाचा पातळ थर द्यावा. मेणकापड वापरावयाचे असल्यास ते चादरीखाली असावे. कातडीला थेट लागल्यास घाम साचतो. चादरीला सुरकुत्या राहू देऊ नयेत.

आता काही प्रचलित समजुतींविषयी. हवेची किंवा टायरच्या आकाराची गोल उशी वापरू नये. तिची कड भोवतालचा रक्तपुरवठा दाबते आणि मधला भाग आणखी उपाशी राहतो. लाल झालेली जागा चोळू नये. आत दुखावलेले मांस त्याने अधिक फाटते. स्पिरिट लावू नये, कातडी कोरडी पडून तडकते. लुळ्या किंवा बधिर भागाला गरम पाण्याच्या पिशवीने शेक देऊ नये. भाजले तरी रुग्णाला कळत नाही. हवेची गादी उपयुक्त आहे, पण ती कूस बदलण्याचा पर्याय नव्हे. गादीवर जाड वाकळ अंथरली तर तिचा उपयोग जवळजवळ संपतो. वर एकच सुती चादर असावी. वीज गेल्यावर गादी बसते का, हेही पाहून ठेवावे.

आहाराचे महत्त्व मलमापेक्षा कमी नाही. आपल्या घरांतून आजाऱ्याला साबुदाण्याची खीर, भाताची पेज आणि चहा-बिस्किटे देण्याची रीत आहे. ते पचावयास हलके खरे, पण त्यांत प्रथिने अगदी थोडी असतात, आणि कातडी भरून येते ती प्रथिनांवर. मुगाचे कढण, घट्ट वरण, दूध, दही, ताक घातलेली नाचणीची आंबील, शेंगदाण्याचे बारीक कूट आणि चालत असेल त्या घरी अंडे, असा आहार द्यावा. मूत्रपिंडाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णांनी प्रमाण डॉक्टरांस विचारावे.

भरविताना

दुसरा मोठा धोका छातीचा. गिळण्याची क्रिया मंदावलेल्या रुग्णाचा घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. आडव्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी सोडणे, ही आपल्या घरांत सर्रास दिसणारी गोष्ट सर्वांत धोक्याची आहे. भरविताना रुग्णाला उशांच्या आधाराने शक्य तितके ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी. तो पूर्ण जागा असेल तरच भरवावे. गुंगीत असताना एक घोटही देऊ नये. घास लहान असावा, तोंडाच्या चांगल्या बाजूने द्यावा आणि गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहते, ते बोटाला ओले फडके गुंडाळून काढावे. जेवणानंतर किमान अर्धा तास त्याला निजवू नये. खाताना ठसका लागणे, आवाज घोगरा व ओलसर होणे, ही गिळणे बिघडल्याची चिन्हे आहेत. त्या वेळी भरविणे थांबवून सल्ला घ्यावा. पाण्यासारखे पातळ पदार्थ अशा रुग्णांना अधिक अवघड जातात.

नाकातून नळी असेल तर अन्न देताना व त्यानंतर अर्धा ते एक तास डोक्याकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवावी. नाकपुडीजवळ नळीवर जी खूण केलेली असते ती जागेवर आहे का, हे प्रत्येक वेळी पाहावे. नळी निघाली तर घरी घालण्याचा प्रयत्न करू नये. रुग्ण तोंडाने काही घेत नसला तरी दिवसातून दोन वेळा तोंड स्वच्छ करावे, कारण अस्वच्छ तोंडातील जंतूच लाळेबरोबर छातीत उतरतात.

पायातील गाठ, आणि मालिश

फार दिवस पडून राहिल्याने पायातील खोल शिरांत रक्त साकळून गाठ होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर क्षणात प्राणावर बेतते. ज्याला शक्य आहे त्याने दर तासाला दहा-बारा वेळा घोट्यातून पाय वर-खाली करावा. ज्याला शक्य नाही त्याचे पाय दुसऱ्याने हलवावेत. दोन्ही पोटऱ्या रोज शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकच पाय सुजला, गरम लागला किंवा दुखू लागला तर तेल लावून मालिश करण्याचा मोह होतो, तो टाळावा. अशा पायाला न चोळता ताबडतोब डॉक्टरांस दाखवावे. अचानक धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा खोकल्यातून रक्त पडले तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

लघवीची नळी आणि पोट

लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली असावी, मात्र जमिनीला टेकू नये. कूस बदलताना ती रुग्णाच्या अंगावरून उंच उचलून नेऊ नये, कारण साठलेली लघवी उलटी आत जाते. नळीला पीळ पडू देऊ नये, जोड उगाच उघडू नये आणि पिशवी दोन-तृतीयांश भरली की हात धुऊन रिकामी करावी. थंडी वाजून ताप, गढूळ व दुर्गंधीयुक्त लघवी किंवा एकाएकी आलेले भ्रम ही संसर्गाची लक्षणे असू शकतात. प्रत्येक भेटीत डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : ही नळी अजून लागणार आहे का? गरज संपलेली नळी काढून टाकणे हा संसर्ग टाळण्याचा उत्तम उपाय होय.

बद्धकोष्ठ ही क्षुल्लक तक्रार समजली जाते. पण अनेक दिवस शौच न झालेल्या रुग्णाला अचानक थोडे थोडे पातळ होऊ लागले तर त्याला जुलाब समजून औषध देऊ नये. पुष्कळदा आत घट्ट मळ अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ भाग झिरपतो. अशा वेळी तपासणी आवश्यक आहे.

सांधे, खांदा आणि मन

न हललेले सांधे आखडतात. मूठ मिटून राहते, कोपर वाकलेले राहते, पाऊल खाली लोंबून तसेच ताठरते. पुढे रुग्णात ताकद आली तरी त्याला उभे राहता येत नाही. म्हणून दिवसातून दोन वेळा बोटांपासून खुब्यापर्यंत प्रत्येक सांधा सावकाश, न दुखविता, पूर्ण हलवावा. पक्षाघाताच्या रुग्णाचा लुळा हात धरून त्याला कधीही ओढू नये; खांद्याचा सांधा निसटतो आणि वर्षानुवर्षे दुखतो. उठविताना हात नव्हे, खांद्याचे पाते आधारावे.

मनाचेही तसेच आहे. दिवसभर खिडक्या बंद असलेल्या खोलीत रुग्णाला दिवस-रात्रीचे भान राहत नाही. पडदा उघडावा, घड्याळ दिसेल असे लावावे, चष्मा व कानाचे यंत्र वापरात ठेवावे, वार आणि घरातील बातमी सांगावी. वाचा गेलेल्या माणसाचे ऐकणे गेलेले नसते. त्याच्या देखत त्याच्या खर्चाची चर्चा होते, हे आम्ही कार्यालयात वारंवार पाहिले आहे.

हे ज्ञान नवे नाही

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवरील आपल्या छोट्या पुस्तकात असे मत मांडले होते, की रुग्णाला शय्याव्रण झाला तर बहुधा तो दोष रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो. विशेष म्हणजे ते पुस्तक त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांसाठी नव्हे, तर घरी आजाऱ्याची सेवा करणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी लिहिले होते. पुढे १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्या काळी असे रुग्ण प्रामुख्याने शय्याव्रण आणि मूत्रसंसर्ग यांनीच दगावत. तेथे दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त काटेकोरपणे लावण्यात आली आणि जे जगणार नाहीत असे मानले जाई ते जगू लागले. जोखीम मोजण्यासाठी १९८७ साली अमेरिकेत तयार झालेली ब्रेडन मोजपट्टी आजही रुग्णालयांतून वापरली जाते. तिच्यातील सहा बाबी, म्हणजे संवेदना, ओलावा, वावर, हालचाल, आहार आणि घर्षण, या घरच्या माणसालाही समजाव्यात इतक्या साध्या आहेत.

देणगीदारांपुढे हिशेबाची दोन्ही पाने ठेवणे आमचे कर्तव्य आहे. लंडन येथे पक्षाघाताच्या ३०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्या नातेवाइकांना शुश्रूषेचे प्रत्यक्ष शिक्षण दिले होते त्यांच्यावरील ताण कमी झाला, रुग्ण व नातेवाईक या दोघांचीही मनःस्थिती सुधारली आणि वर्षभराचा एकूण खर्चही घटला. मात्र मृत्यू व अपंगत्व यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ या नावाने एक मोठा अभ्यास झाला आणि तो ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुटुंबाला पुनर्वसनाचे व्यायाम शिकवूनही सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच आढळले. तेव्हा शिकविल्याने लुळा माणूस चालू लागेल, असे आश्वासन आम्ही कोणालाही देणार नाही. आमचे म्हणणे मर्यादित आहे : जो चालू शकणार नाही, त्याची पाठ तरी अखंड राहावी, आणि त्याची सेवा करणाऱ्या सुनेला पुढे आयुष्यभर स्वतःला दोष द्यावा लागू नये.

आपण काय केले, काय उरले

वरील प्रसंगानंतर अहवाल वर्षात पुढील व्यवस्था सुरू करण्यात आली.

१. अंथरुणावरील रुग्णास घरी सोडण्यापूर्वी किमान दोन दिवस आधी सिस्टर नातेवाइकांस प्रत्यक्ष रुग्णावर शुश्रूषा शिकवितात. ‘समजले का?’ असे विचारले की सर्वजण ‘हो’ म्हणतात. म्हणून नातेवाइकांनी स्वतःच्या हाताने कूस बदलून, भरवून व पिशवी रिकामी करून दाखविल्याखेरीज पाठ पूर्ण झाला असे धरले जात नाही.

२. या पाठास घरातील किमान दोघे असावेत आणि त्यांपैकी एक शक्यतो पुरुष असावा, असा आग्रह धरला जातो. सारे एकाच बाईला शिकवून तिच्यावर दिवस आणि रात्र दोन्ही सोपविणे न्यायाचे नाही, आणि ते निभतही नाही.

३. मोठ्या अक्षरांतील मराठी सूचनापत्र, कूस बदलण्याच्या वेळांच्या तक्त्यासह, डिस्चार्ज कार्डास जोडले जाते. ते जोडलेले नसेल तर कार्यालयातून अंतिम बिल निघत नाही.

४. हवेच्या गाद्या, टेकूच्या उशा व चाकाच्या खुर्च्या अनामत घेऊन घरी वापरण्यास दिल्या जातात. निर्धन रुग्णांस अनामत माफ आहे.

५. तिसऱ्या व दहाव्या दिवशी सिस्टर घरी दूरध्वनी करतात. पहिला प्रश्न पाठीविषयी असतो, दुसरा विचारणाऱ्याच्या झोपेविषयी.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. रुग्ण सोडण्याच्या घाईत काही वेळा पाठ एकाच दिवसात उरकावा लागतो. मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी आहेत आणि सत्तरीतील पत्नी एकटीच पतीची सेवा करते, अशा घरात दर दोन तासांनी कूस बदलणे कागदावरच राहते. मुलगा उत्तम गादी पाठवितो. पण रात्री दोन वाजता उचलावयास दुसरे हात नसतात. अशा घरांसाठी गावातील आशा कार्यकर्त्या, शेजारी किंवा पगारी मावशी यांना शिकविण्याचा विचार आहे. पगारी मावशींनाही कूस बदलण्याचे शिक्षण बहुधा कोणी दिलेले नसते.

येथे देणगीदारांपाशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलावीशी वाटते. सोनोग्राफी यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. सिस्टरने नातेवाइकांना शिकविण्यात घालविलेल्या पाऊण तासावर ती लावता येत नाही. ताळेबंदात यंत्र मालमत्तेच्या बाजूस दिसते, तो पाऊण तास केवळ वेतनखर्चात मिसळून जातो. यंत्रे हवीतच. परंतु आपली देणगी जेव्हा ‘सर्वसाधारण निधी’ या रूक्ष नावाखाली जमा होते, तेव्हा तिच्यातून हा पाऊण तास विकत घेतला जातो, एवढे कृपया ध्यानात असावे.

रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती अशी, की घरी निघण्यापूर्वी संकोच न करता विचारावे, पुन्हा विचारावे आणि स्वतः करून पाहावे. सिस्टर कामात आहेत, साहेब रागावतील, असे मनात आणू नये. आणि घरी गेल्यावर काळजी घेणाऱ्यानेही आपले जेवण, झोप आणि कंबर सांभाळावी. वाकताना गुडघ्यातून वाकावे, उचलताना दुसऱ्याला हाक मारावी, आठवड्यातून एक दिवस तरी दुसऱ्याने पाळी घ्यावी. थकलेल्या हातांनी सेवा फार दिवस होत नाही.

त्या सुनेने आपल्या सूचनापत्राचा पहिला मसुदा वाचून पाहिला. तिच्या सांगण्यावरून ‘रुग्णाची स्थिती बदलावी’ हे वाक्य काढून तेथे ‘दर दोन तासांनी कूस बदला; दुखेल म्हणून थांबू नका’ असे घातले. पत्रकातील तेच वाक्य आता सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले आहे.